मालकाला सुई हवी असते

पोळा होऊन तीन दिवस झाले, बैलांच्या शिंगांचा हिंगूळ अजून उतरलेला नाही, आणि आज सकाळी शेजारच्या गोठ्यात जे पाहिले व ऐकले त्यामुळे दिवसभर माझे कशातच लक्ष लागलेले नाही. रात्रीचे दहा वाजत आले तरी मन शांत होत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. पोस्ट लांबणार आहे. ज्यांच्या दावणीला एक तरी जनावर आहे किंवा ज्यांच्या दारात रोज सकाळी गवळ्याची किटली येते, त्यांनी ती शेवटपर्यंत वाचावी, अशी माझी विनंती आहे.

शेजारच्या वहिनींची गाय काल संध्याकाळपासून चाऱ्याला तोंड लावत नव्हती. अंग तापलेले, डोळ्यांतून पाणी, कान पडलेले, आणि पुढचा उजवा पाय टेकताना ती लंगडत होती. पावसाळा सरत आला की आमच्या अमळनेर तालुक्यात ही लक्षणे कोणत्याही जुन्या शेतकऱ्याला सांगितली तर तो गाय न पाहता ‘तिवा’ म्हणेल. तिवा हा विषाणूमुळे होणारा आजार आहे, तो चिलटांमुळे आणि डासांमुळे पसरतो, आणि बहुतेक जनावरे तीन-चार दिवसांत आपली आपण उभी राहून चरू लागतात. ताप आणि सांध्यांचे दुखणे कमी करणारे औषध द्यावे, जनावर सावलीत बांधावे, पाणी समोर ठेवावे आणि वाट पाहावी, एवढाच त्याचा साधारण उपचार आहे.

डॉक्टरसाहेब रस्त्यावर गाडीत बसून फोनवर बोलत होते आणि त्यांच्याबरोबर आलेला इंटर्नशिपचा विद्यार्थी बॅग घेऊन एकटाच गोठ्यात शिरला. त्याला पाहून मला मनापासून आनंद झाला, कारण तो माझाच विद्यार्थी आहे. आठवी ते दहावी मी त्याला विज्ञान शिकवले, आणि नीट परीक्षेत चांगले गुण मिळवून तो खानदेशाबाहेरच्या एका पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेला तेव्हा आमच्या घरी पेढे आले होते. त्याने थर्मामीटर झटकून शेपटीखाली लावला, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत थांबला, डाव्या कुशीत मूठ दाबून कोठीपोटाची हालचाल मोजली, पापणी उलटून पाहिली. हात सफाईचा होता आणि गाईशी बोलणे मायेचे होते. तापाचे इंजेक्शन त्याने दिले. तेथेच तो थांबला असता तर आज मी त्याच्या कौतुकाची पोस्ट लिहिली असती.

त्यानंतर त्याने बॅगेतून पांढऱ्या भुकटीची एक बाटली काढली, अँप्यूल फोडून त्यातले पाणी बाटलीत सोडले, दोन्ही तळव्यांत बाटली घोळवली आणि औषध सिरिंजमध्ये ओढले. मी लेबल वाचले. सेफ्ट्रायॅक्सोन. माणसांच्या रुग्णालयांत विषमज्वरापासून मेंदूज्वरापर्यंतच्या गंभीर आजारांत शिरेतून देतात, तेच हे तिसऱ्या पिढीचे प्रतिजैविक. मी विचारले, “अरे, तिवाच आहे ना हा?” तो म्हणाला, “हो सर, तिवाच आहे.” “मग हे कशाला?” मान वर न करता त्याने उत्तर दिले, “सर, मालकाला सुई हवी असते. एकीने समाधान होत नाही.”

एवढ्यात वहिनी पाण्याची बादली घेऊन आल्या आणि त्यांनी आईने विचारावा तोच प्रश्न विचारला, “भाऊ, पोरेस्ले देऊ का दूध?” त्यावर तो म्हणाला, “द्या ना वहिनी, उकळून द्या. उकळल्यावर काही राहत नाही.”

हे ऐकून माझे डोके तापले आणि ते अजून उतरलेले नाही. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात असलेला मुलगा, ज्याच्या नावापुढे काही महिन्यांत डॉक्टर ही पदवी लागणार आहे, तो दोन लहान मुलांच्या आईला इतक्या सहजपणे असे सांगतो! उकळल्याने दुधातले जंतू मरतात, औषध मरत नाही. बहुतेक प्रतिजैविके उकळण्याला दाद देत नाहीत. हे मला कोणत्या ग्रंथाने शिकवले नाही, माझ्या आईच्या दह्याने शिकवले.

२०१६ च्या मे महिन्यातली गोष्ट आहे. आमच्याकडे मुऱ्हा म्हैस होती, तिसऱ्या वेताची, आणि तिच्या मागच्या डाव्या सडाला काससुजी झाली होती. सड दगडासारखा घट्ट झाला होता आणि धार काढताना आधी गाठी व मग पाण्यासारखे दूध येत होते. पेनिसिलिनच्या गटाचे इंजेक्शन सुरू झाले आणि सडात ट्यूबही सोडली. मी आणि भाऊ दोघेही शिकलेले, तरी आम्ही फक्त आजारी सडाचे दूध वेगळे काढले आणि उरलेल्या तीन सडांचे दूध नेहमीप्रमाणे घरात घेतले, कारण त्या सडांचे दूध शुभ्र आणि दाट दिसत होते. स्नायूत दिलेले औषध रक्तातून चारही सडांत उतरते, हे तेव्हा आम्हांला कुणी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. आईने ते दूध नेहमीसारखे मंद आचेवर दोन उकळ्या येईपर्यंत तापवले, कोमट झाल्यावर विरजण लावले आणि मातीचे गाडगे कोनाड्यात ठेवले. खानदेशातला मे महिना आपल्याला ठाऊक आहे. त्या उन्हाळ्यात तीन-चार तासांत दही लागते आणि संध्याकाळपर्यंत ठेवले तर आंबते. त्या दिवशी दुपारी आईने झाकण काढले तर आत दूधच. संध्याकाळी पाहिले तरी दूधच. दुसऱ्या दिवशी तिने शेजारून नवे विरजण आणले, पुन्हा तेच झाले. तिसऱ्या दिवशी ती गाडगे माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “दही लागनं नही भाऊ, दूधमा काहीतरी से.”

आई चौथीपर्यंत शिकलेली होती. विरजणातही जिवाणूच असतात आणि दुधात उतरलेले पेनिसिलिन त्यांनाही मारते, हे तिला माहीत नव्हते, परंतु तिचे निदान अचूक होते. दूध उकळलेले होते, दोनदा उकळलेले होते, आणि तरीही विरजणाचे जिवाणू त्यात जगू शकले नाहीत. ज्याला पुरावा हवा आहे त्याने यापेक्षा मोठी प्रयोगशाळा शोधू नये.

डॉक्टरसाहेबांचा फोन चालूच होता म्हणून मी त्या मुलाला चहासाठी आमच्या ओट्यावर बोलावले. राग गिळून शिक्षकासारखे विचारले, “प्रतिजैविकांचा प्रतिरोध म्हणजे काय रे?” त्याने जे उत्तर दिले ते मी कोणत्याही उत्तरपत्रिकेत पैकीच्या पैकी गुण देऊन तपासले असते. काही जिवाणू औषध तोडणारी विकरे तयार करतात, काही आत आलेले औषध पंपासारखे बाहेर फेकतात, काही औषध जेथे चिकटते ती जागाच बदलून घेतात, आणि ही विद्या प्लाझ्मिडमधून, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यांमधून, एक जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतो, त्यामुळे गोठ्यातला प्रतिरोध घरात यायला वेळ लागत नाही. हे सगळे त्याने एका दमात सांगितले. मी म्हणालो, “तुला हे सगळे येते. मग विषाणूच्या आजाराला ती सुई का दिलीस?” त्याने कप खाली ठेवला आणि बराच वेळ तो आमच्या अंगणातल्या कडुलिंबाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, कोणते औषध कशावर द्यायचे हे पाठ केले आहे. द्यायचे नाही तेव्हा मालकाला काय सांगायचे, हे कुणी शिकवले नाही.”

मला या उत्तराचा राग आला आणि त्याच उत्तराने मला गप्पही केले. मी त्याला आणखी विचारले. औषधसंवेदनशीलता चाचणी तू स्वतः किती वेळा केलीस? त्याने सांगितले, एकदा, प्रात्यक्षिकाच्या तासाला, पंधरा जणांच्या गटात. प्लेटवर जिवाणू पसरले, औषधाच्या चकत्या ठेवल्या, प्लेट रात्रभर ३७ अंशांवर ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवतालचे स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचे होते तेव्हा दुसऱ्या विषयाचा तास लागल्यामुळे दोघांनीच ते मोजले आणि उरलेल्या तेरा जणांनी वहीत उतरवून घेतले. ज्या वर्तुळाच्या रुंदीवरून कोणते औषध चालेल आणि कोणते फुकट जाईल हे ठरते, ते वर्तुळ ज्याने डोळ्यांनी मोजलेले नाही, त्याच्या हातात आपण भुकटीची बाटली आणि सिरिंज देतो. ज्यांनी हे वेळापत्रक आखले त्यांनी आपल्या घरी कोणाचे दूध येते याचा एकदा विचार करावा.

आमच्या म्हशीची गोष्ट दह्यावर संपली नाही. डॉक्टरांनी पाच दिवसांचा उपचार सांगितला होता, आम्ही दुसऱ्या दिवशी सूज उतरलेली पाहिली आणि उरलेली इंजेक्शने फ्रीजमध्ये ठेवून दिली. हा दोष आमचा होता आणि तो मी कुणावर ढकलणार नाही. तीन आठवड्यांनी तोच सड पुन्हा धरला. या वेळी दुसरे औषध, नंतर तिसरे, आणि शेवटी कुणीतरी सुचवले म्हणून दुधाचा नमुना बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला त्यात आठ औषधांची नावे होती आणि सहा नावांपुढे इंग्रजी ‘आर’ हे अक्षर होते, म्हणजे औषध निरुपयोगी. तो कागद माझ्याकडे अजून आहे. तोपर्यंत सडात गाठ धरून तो कायमचा बंद झाला होता, आणि तीन सडांची म्हैस भावाने गुरांच्या बाजारात अर्ध्या किमतीला दिली. आई त्या दिवशी जेवली नाही. जो नमुना शेवटी पाठवला, तो पहिली सुई टोचण्यापूर्वी पाठवला असता तर काय झाले असते, हा विचार मला आजही सुटत नाही.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलिन शोधले आणि १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणातच बजावले होते की अपुऱ्या मात्रेत औषध वापरले तर जंतू मरण्याऐवजी त्याला सरावतील. या गोष्टीला सुमारे ऐंशी वर्षे झाली. प्रत्येक विद्यार्थी हे पहिल्या पानावर वाचतो.

मला मान्य आहे की माणसांचे डॉक्टरही काही कमी करत नाहीत, साध्या सर्दीला ॲझिथ्रोमायसिन लिहिणारे आमच्याही गावात आहेत. हेही मान्य आहे की एकेका पशुवैद्यकाकडे इतकी गावे असतात की प्रत्येक गोठ्यात बसून समजावत राहण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो. नमुना तपासायला पाठवायचा तर अहवाल हाती येईपर्यंत जनावर तळमळत ठेवता येत नाही, हेही खरे आहे. तरीही नमुना आधी घेऊन मग उपचार सुरू करता येतो, आणि तिव्याच्या गाईला तर नमुन्याचीही गरज नव्हती. तेथे केवळ एक वाक्य बोलायचे होते: या आजाराला ही सुई लागत नाही.

ते वाक्य न बोलल्याने काय होते, हे खानदेशाने २०२२ मध्ये पाहिले आहे. त्या वर्षीच्या साथीत महाराष्ट्रातली लंपीची पहिली नोंद ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावलला झाली. लंपीही विषाणूचा. गाठी फुटून जखमा झाल्या, त्यांत जिवाणू शिरले, तेथे प्रतिजैविक हवेच होते आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण अंगावर गाठही नसलेल्या, फक्त शेजारच्या गोठ्यात रोग आला म्हणून घाबरलेल्या मालकांच्या जनावरांना जी इंजेक्शने टोचली गेली, ती मी आमच्या गल्लीत मोजली आहेत. लोक औषध दुकानातून बाटली आणत होते आणि कुणीही टोचून देत होते. सेफ्ट्रायॅक्सोन हे औषध १ मार्च २०१४ पासून औषध नियमांच्या एच-१ परिशिष्टात आहे. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि विकले तर डॉक्टरचे व रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. ती वही मी तरी कुठे पाहिलेली नाही. शिवाय ती बाटली घरी येईपर्यंत आणि आल्यावरही कशी ठेवली जाते? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि थंड जागी ठेवा असे छापलेले औषध मोटारसायकलच्या डिकीत दिवसभर गावोगाव हिंडते. त्या डिकीतल्या औषधाची ताकद किती उरली असेल, हा प्रश्न परीक्षेत का विचारत नाहीत?

आपल्या पलीकडे नवापूर आहे, कोंबड्यांचे मोठे केंद्र. कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी प्रतिजैविक मिसळण्याची रीत देशभर किती मुरलेली होती, हे कोलिस्टिनवरून कळते. माणसाच्या अतिदक्षता विभागात बाकी सारी औषधे हरल्यावर जे हाती घेतात ते कोलिस्टिन जनावरांच्या खाद्यात जात होते, आणि शेवटी जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारला अन्न देणाऱ्या प्राण्यांसाठी त्यावर बंदी घालावी लागली. बंदी आली हे चांगले झाले. परंतु बंदी एका औषधावर येते आणि सवय तशीच राहते. सवय मोडायची तर ती ज्याच्या हातात उद्या बॅग येणार आहे त्याच्यापासूनच मोडावी लागेल, म्हणून मी आज डॉक्टरांवर लिहीत नसून विद्यार्थ्यांवर लिहीत आहे.

माझे म्हणणे इतकेच आहे की या मुलांना औषध नाकारण्याची तोंडी परीक्षा द्यायला लावावी. समोर खराखुरा मालक उभा करावा, त्याने “डॉक्टर, सुई मारा, पैसे देतो” असा हट्ट धरावा, आणि मुलाने मालकाला न दुखावता, त्याच्या बोलीत, तिवा म्हणजे काय, दोन दिवस वाट का पाहायची आणि कोणते लक्षण दिसल्यावर पुन्हा बोलवायचे हे समजावून सांगावे. प्रत्येक इंजेक्शननंतर दुधाचे काय करायचे हे मालकाने विचारण्याआधी सांगावे. गावच्या संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) मोजतात, त्यावर भाव ठरतो. औषध तेथे मोजत नाहीत. मोठ्या डेअऱ्यांत तपासणी होते असे म्हणतात आणि ती होत असेलही, पण दारोदार जाणाऱ्या किटलीला कोण तपासणार? तेथे डॉक्टरचा शब्द हीच तपासणी आहे. वहिनींनी त्याला विचारले, मला विचारले नाही. तो गेल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो की हे दूध मुलांना देऊ नका, तर त्या म्हणाल्या, “मास्तर, डॉक्टर चालेल म्हणाले ना.” पंचवीस वर्षे विज्ञान शिकवलेल्या माणसापेक्षा बॅग घेतलेल्या मुलाचा शब्द त्यांना मोठा वाटला, आणि तसा तो वाटायलाच हवा. म्हणून तर तो शब्द खरा असला पाहिजे.

येथपर्यंत लिहून झाले आणि फोन वाजला. त्याच मुलाचा संदेश आहे. सकाळी चहा पिताना मी त्याला आईच्या दह्याची गोष्ट सांगितली होती, तेव्हा तो काही बोलला नव्हता. आता लिहितो आहे: “सर, ती रिकामी बाटली बॅगेतून काढून पुन्हा वाचली. दुधासाठी किती दिवस थांबायचे ते छापलेलेच नाही. वहिनींना काय सांगू?”

मघापासून मी त्याच्यावर जे लिहिले ते आता वर जाऊन सौम्य करावे असे वाटले, पण तसेच राहू देतो; ते खोटे नाही. मी त्याला उत्तर लिहिले की लेबलवर काळ दिलेला नसेल तर नियमानुसार दूध आणि अंडी यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी २८ दिवस धरायचे असतात. त्याने लगेच लिहिले, “हे वाचले होते सर. सार्वजनिक आरोग्याच्या पेपरात दोन गुणांना होते.” मग थोड्या वेळाने दुसरा प्रश्न आला, “वासराला पाजले तर?” मी लिहिले की वासरालाही पाजायचे नाही, त्याच्या आतड्यातले जिवाणू त्यावरच सरावतात. खड्डा करून ओतायचे.

गाय आजारात सुद्धा दिवसाला सहा लिटर देते. सात दिवसांचे बेचाळीस लिटर झाले. साठ रुपयांनी अडीच हजारांच्या वर रक्कम होते, आणि वहिनींचे घर त्या दुधावरच चालते. त्या विचारतील, या पैशांचे काय, आणि तिव्याला नको असलेल्या एका सुईपायी हे नुकसान झाले, हे त्यांना सांगण्याची हिंमत त्याला करावी लागेल. त्यांच्या मुलांना आठवडाभर आमच्या घरून एक लिटर दूध जाईल, ते मी आमच्या घरात बोललो आहे. बाकीच्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. संध्याकाळची धार तर मुलांच्या पोटात गेलीही असेल.

तो म्हणतो, “मी स्वतः येऊन सांगतो सर, फोनवर नको.” वहिनी सहाला धार काढतात. तो साडेपाचला येणार आहे.